शेगडी बदलली, पण परावलंबन?

रॉकेलचे कार्ड हातात धरून रांगेत उभे राहण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणावा, पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करून सभोवार तो ठासून भरावा, बाटली हलक्या हाताने उपसून काढावी आणि खालच्या तोंडातून विस्तव द्यावा; मग ती शेगडी मंद आचेने बराच वेळ एकसारखी जळत राही. वखारवाल्याच्या दृष्टीने भुसा हा केवळ केर होता. परंतु केराला गिऱ्हाईक मिळाले की त्याचा माल होतो आणि मालाला भाव येतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा पुष्कळ कुटुंबे त्या शेगडीपाशीच शिकली.

युरोप-अमेरिकेतील लक्षावधी घरांना हिवाळ्यात ऊब देणारी पेलेटची शेगडी ही आपल्या भुशाच्या शेगडीचीच सुधारलेली, यंत्राने चालणारी बहीण होय. आणि गेल्या काही वर्षांत तिच्या मालकांना जो धडा मिळाला, तोही जातीने तोच आहे. इंधनाचा खर्च वाचवावा म्हणून ज्यांनी ही शेगडी घेतली, त्यांचा हिशेब कोठे बरोबर होता आणि कोठे चुकला, हे पाहणे आपल्यालाही उद्बोधक ठरेल.

प्रथम वस्तू समजून घेतली पाहिजे. लाकडाचा भुसा वाळवून तो मोठ्या दाबाखाली बारीक छिद्रांतून काढला म्हणजे त्याच्या सहा किंवा आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात, हेच पेलेट. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ पडते आणि तेच डिंकाचे काम करते. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा शेकडा १० हून अधिक नसतो आणि उत्तम प्रतीची राख शेकडा ०.७ पलीकडे जात नाही. शेगडीच्या पोटात कांड्यांची कोठी असते. तीतून एक मळसूत्री दांडा मोजून कांड्या जाळाच्या वाटीत टाकतो, पंखा हवा पुरवतो आणि खोलीतील उष्णतामापकाच्या इशाऱ्यानुसार जाळ वाढतो वा कमी होतो. उघड्या शेकोटीची बहुतांश ऊब धुराड्यावाटे आकाशात जाते. चांगल्या पेलेट-शेगडीत मात्र इंधनातील शेकडा ८५ ते ९० उष्णता घराच्या उपयोगी पडते. या यंत्राची गुणवत्ता वादातीत आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

त्याचा जन्मही टंचाईच्याच पोटी झाला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. ज्या देशांत घर तापवणे हा चैनीचा नव्हे, जगण्याचा प्रश्न आहे, तेथे पर्यायांचा शोध सुरू झाला. उत्तर अमेरिकेतील लाकूड गिरण्यांपाशी भुशाचे डोंगर पडलेले होतेच. त्यातून पेलेट बनू लागले आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याने वॉशिंग्टन राज्यात घरगुती वापराची पेलेट-शेगडी सिद्ध केली. पुढे स्वीडन, ऑस्ट्रिया, जर्मनी या देशांत पेलेटवर चालणारी तापनयंत्रे रुळली आणि इटली तर खोलीत ठेवण्याच्या पेलेट-शेगड्यांचे माहेरघरच बनला. सरकारांनी त्यांच्या खरेदीला अनुदाने दिली. जे लाकूड आपल्याच डोंगरावर वाढते त्याच्या केरावर घर तापावे आणि परदेशी तेलाची ताबेदारी संपावी, हे स्वप्न आकर्षक होते यात शंका नाही.

आता हिशेब. एक किलो पेलेटमध्ये सुमारे ४.८ युनिट उष्णता असते, तर एक लिटर तापनतेलात सुमारे १० युनिट. म्हणजे ढोबळमानाने दोन किलो पेलेट हे एक लिटर तेलाचे काम करतात. एखाद्या घराला वर्षाकाठी १५,००० युनिट उष्णता लागते असे धरले, तर शेगडीतील घट जमेस धरून सुमारे साडेतीन टन पेलेट लागतील. टनाला २५० युरो हा भाव असताना हा खर्च पावणेनऊशे युरोंच्या घरात येतो. तेलाशी तुलना करता ही बचत भरघोस होती. विक्रेत्यांनी ती तक्त्यांतून दाखवली आणि ग्राहकांनी ती खरी मानली. ती खरी होतीही. परंतु त्या तक्त्यात एक गृहीतक दडलेले होते: तेलाचा भाव चढेल, पेलेटचा मात्र आहे तेथेच राहील.

हे गृहीतक प्रथम कोसळले ते २००६ साली. त्या वर्षी युरोपात पेलेटची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली, भाव कडाडले आणि २००७ मध्ये ऑस्ट्रियातील पेलेट-बॉयलरांची विक्री एकदम घसरली. नवे कारखाने निघाले, साठे वाढले आणि प्रकरण विस्मृतीत गेले. दुसरा तडाखा याहून कितीतरी मोठा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. नैसर्गिक वायूचा पुरवठा डळमळला आणि ज्याला शक्य होते तो पेलेटकडे धावला. त्याच वेळी रशिया आणि बेलारूस येथून युरोपीय संघात येणाऱ्या लाकडावर व पेलेटवर निर्बंध आले. वीज महागल्यामुळे भुसा वाळवण्याचा व दाबण्याचा खर्चही वाढला. भयापोटी लोकांनी उन्हाळ्यातच कोठ्या भरून ठेवल्या. परिणाम असा की जर्मनीत २०२१ च्या उन्हाळ्यात टनामागे २५० युरोंच्या आत असलेला भाव सप्टेंबर २०२२ मध्ये ७०० युरोंच्याही वर गेला. वरच्या उदाहरणातील कुटुंबाला त्या भावाने अडीच हजार युरोंजवळ मोजावे लागले असते. तेलापासून सुटका व्हावी म्हणून घेतलेल्या शेगडीचे इंधन काही काळ तेलाच्या तोडीस तोड महाग झाले!

याला केवळ युद्ध कारणीभूत आहे, असे म्हणून हात झटकणे योग्य होणार नाही. पेलेटचे मूळ दुखणे त्याच्या जन्मातच आहे. भुसा ही कोणी मुद्दाम पिकवलेली वस्तू नव्हे; तो फळ्या कापताना पडणारा अवशेष आहे. घरबांधणी जोरात असली की फळ्यांना मागणी येते, गिरण्या चालतात आणि भुसा मुबलक पडतो. बांधकाम मंदावले की भुसाही आटतो, मग हिवाळा कितीही कडक असो. मागणी थंडीवर आणि पुरवठा बांधकामावर अवलंबून, असा हा विजोड संसार आहे.

या प्रसंगी जर्मन सरकारला जे करावे लागले ते विशेष मननीय आहे. २०२२ मध्ये ज्या कुटुंबांना तेल, पेलेट यांसारख्या इंधनांसाठी आदल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक दर मोजावा लागला, त्यांना त्या दुपटीवरील खर्चाच्या शेकडा ८० इतकी मदत, कमाल २,००० युरोंपर्यंत, देण्याची योजना आखण्यात आली. म्हणजे ज्या शासनाने खर्च वाचावा म्हणून शेगडीला अनुदान दिले, त्यालाच पुढे शेगडीच्या चाऱ्यालाही अनुदान द्यावे लागले. संकटात सापडलेल्याला मदत करणे शासनाचे कर्तव्यच होते. पण ही वेळ का यावी, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

पेलेट-शेगडीच्या समर्थकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. २०२३ मध्ये भाव झपाट्याने उतरला, हे खरे आहे. ज्यांच्याकडे वर्षभराचा साठा करण्यास जागा होती, त्यांना झळ कमी लागली, हेही खरे. आणि वायूची नळी एका देशाच्या मर्जीवर चालू-बंद होते, तर भुसा शेकडो गिरण्यांत निघतो, हा युक्तिवाद तर अगदी सबळ आहे. तेव्हा शेगडी मोडीत काढावी असे येथे कोणी सुचवीत नाही. आक्षेप आहे तो तिच्याकडून तिच्या कुवतीबाहेरची अपेक्षा करण्याला.

शिवाय स्वावलंबनाच्या या साधनाची आणखी काही परावलंबने आहेत. मळसूत्र आणि पंखा विजेवर चालतात. वीज गेली की सामान्य पेलेट-शेगडी बंद पडते, कोठीत कांड्या शिगोशिग भरलेल्या असल्या तरी. धूर लाकडाच्या चुलीपेक्षा पुष्कळच कमी, पण वायूच्या ज्योतीपेक्षा अधिक. उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात हिवाळी हवा डोंगरांच्या कुशीत कोंडून राहते आणि घरोघरच्या लाकूड-इंधनाची सूक्ष्म धूळ तीत साचते. म्हणून तेथे २०१७ च्या आदेशानुसार शेगड्यांना तारे देण्यात आले आणि लोंबार्डीसारख्या प्रांतांनी कमी ताऱ्यांच्या शेगड्यांवर बंदी घातली. बंद कोठारात साठवलेल्या पेलेटमधून विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो आणि अशा कोठारांत माणसे दगावलेली आहेत. साठवणीच्या खोलीला वायुवीजन हवे, हा नियम म्हणूनच कागदापुरता ठेवून चालत नाही.

मग खर्च वाचवू पाहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? उत्तर शेगडीत नसून भिंतीत आहे. ज्या घराच्या खिडक्यांच्या फटींतून वारा शिरतो आणि छपरातून ऊब निसटते, त्या घरात कोणतीही शेगडी आणली तरी ती गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच होय. फटी बुजवून, छपराला उष्णतारोधक थर देऊन, दुहेरी काचा बसवून आपल्या उदाहरणातील घराची गरज १५,००० वरून १०,००० युनिटांवर आणली, तर साडेतीन टनांच्या जागी सुमारे २.४ टन पेलेट पुरतील. एका टनाहून अधिक झालेली ही बचत भाव २५० असो वा ७५०, कायम राहते; उलट भाव जितका चढेल तितकी तिची किंमत वाढते. न जाळलेल्या इंधनाचा भाव कोणतीही बाजारपेठ वाढवू शकत नाही.

तथापि अनुदानाचा ओघ शेगडीकडे सहज वळतो आणि भिंतीकडे मुश्किलीने. शेगडी दिसते, मोजता येते, तिचे छायाचित्र घेता येते; छपराखालील थर कोणाला दिसत नाही. भाडेकरूची अवस्था तर याहून बिकट. भिंत त्याची नाही, धुराडे त्याचे नाही, साठवणीला जागा नाही. बिल मात्र त्याचे आहे. पंधरा किलोची एकेक पिशवी आणून दिवस काढणाऱ्याला सर्वांत महाग दर मोजावा लागतो, हा जगभरच्या गरिबीचा नियम येथेही लागू होतो.

ही गोष्ट परक्या थंड मुलुखाची म्हणून महाराष्ट्राने कानाआड करू नये. हाच प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात होऊन गेला आहे. २००६ मध्ये एका जागतिक तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने पेलेटवर चालणारी, छोटा पंखा बसवलेली ‘ऊर्जा’ नावाची चूल बाजारात आणली. शेतातील टाकाऊ पदार्थांच्या कांड्या तीत जळत. महाराष्ट्र व कर्नाटकासह काही राज्यांत ती लाखो घरांत पोहोचली. धूर कमी झाला, गृहिणींनी ती आपलीशी केली. पण त्या टाकाऊ पदार्थांना कारखान्यांच्या बॉयलरांकडून मागणी आली, कच्चा माल महागला, पेलेटचा दर चढला, पुरवठा आक्रसला आणि बहुसंख्य घरांतील चुली अडगळीत गेल्या. व्यवसाय चालू राहिला तो हॉटेलांच्या व खाणावळींच्या भटारखान्यांसाठी. चूल निर्दोष होती. तिच्या मागे इंधनाची हमी नव्हती.

२०२१ च्या धोरणाने कोळशावरील वीजकेंद्रांना कोळशात पेलेट मिसळून जाळण्याचे बंधन घातले. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाला आणि काडाला भाव मिळावा हा हेतू स्तुत्य आहे. पण वीजकेंद्रासारखे अवाढव्य गिऱ्हाईक बाजारात उतरले असता घरगुती चुलीच्या वाट्याला काय उरेल, याचा विचार आधी व्हावयास हवा. विदर्भातील पऱ्हाट्या, मराठवाड्यातील तुराट्या आणि सोयाबीनचे काड यांचे पेलेट गावाजवळच करून त्यांतला घरगुती वाटा राखून ठेवता येईल काय, त्याच्या प्रतीची तपासणी आणि वर्षभराचा साठा कोणाकडे असेल, हे प्रश्न चुलींचे वाटप होण्यापूर्वी सुटले पाहिजेत, नंतर नव्हे.

युरोपातील शेगडी आणि आपली चूल या दोहोंचे सांगणे एकच आहे. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. इंधन मात्र रोज. ज्या योजनेत पहिल्याची पावती आहे आणि दुसऱ्याची तरतूद नाही, ती बचतीची योजना नव्हे, केवळ विक्रीची आहे. नागरिकाने शेगडीची किंमत विचारण्याआधी दहा वर्षांच्या इंधनाचा हिशेब मागावा आणि शासनाने तो हिशेब तयार ठेवावा. तसे न झाल्यास इंधने बदलतील, शेगड्या बदलतील. रांग तेवढी तीच राहील.