हजार काडतुसं, एक खांदा

तर मंडळी, झालं असं. मी डॅलसला ऑनसाइट असताना क्लायंटकडचा एक जण (चाळिशीतला, अगदी सज्जन माणूस) माझ्या डेस्कपाशी आला आणि म्हणाला, "तू एक्सेलमध्ये हुशार आहेस ना, मला एक बंदूक निवडून दे."

स्वारी अर्जेंटिनात कॉर्दोबाला निघाली होती, होले मारायला. तिथे ज्वारी, मका, सोयाबीनची अफाट शेती, शेजारी घरट्यांसाठी काटेरी रान, आणि जवळजवळ वर्षभर अंडी घालणारा पक्षी. त्यामुळे होल्यांचे थवे लाखांत. एका माणसाने दिवसाला हजार काडतुसं उडवणं ही तिथे नवलाई नाही, जाहिरात आहे. मग बारा बोअर घ्यावी की वीस? गॅसवर चालणारी की इनर्शियावाली?

मी शीट बनवली. खोटं कशाला बोलू, मजा आली. बोअरचा आकडा उलटा चालतो: एक पौंड शिशाचे नळीत बसतील असे बारा गोळे होत असतील तर बारा बोअर, वीस होत असतील तर वीस. म्हणजे वीसची नळी बारीक. बाराच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छरे, वीसच्या काडतुसात २५. बारावीचं फिजिक्स आठवा: पुढे जाणारं वजन कमी, तर खांद्याला बसणारा धक्का कमी. इनर्शियावाली बंदूक हलकी आणि आतून स्वच्छ राहते, पण धक्का जास्त जाणवतो. गॅसवाली नळीतला थोडा वायू वापरून यंत्रणा चालवते आणि धक्का पसरवते. काजळी मात्र धरते, रोज पुसावी लागते. थोडक्यात, वीस बोअर, गॅसवाली सेमी-ऑटोमॅटिक. कुठल्याही जाणकाराला विचारा, बहुधा हेच सांगेल.

मग सवयीने शेवटी टोटल मारली. हजार काडतुसं गुणिले २५ ग्रॅम. २५ किलो शिसं. एका माणसाचं, एका दिवसाचं! म्हणजे तांदळाची अख्खी गोणी. चार दिवसांची ट्रिप धरली तर एक क्विंटल. आणि हे "हलकी" बंदूक घेतल्यावर.

तिथे माझी सटकली. कारण मी जे निवडत होतो ते शिकारीचं साधन नव्हतंच. शिकारी काय विचारतो? नेम लागेल का, पक्षी एका छऱ्यात मरेल की तडफडेल. आमच्या शीटमध्ये काय होतं? सातशेव्या बारानंतर खांदा टिकेल का, नळी तापली तर हातमोजे लागतील का, यंत्रणा अडकेल का. ह्याला आमच्या धंद्यात लोड टेस्टिंग म्हणतात. फरक एवढाच की आम्ही टेस्ट सर्व्हरवर करतो.

गंमत बघा. ह्याच माणसाला टेक्सासात होल्यांसाठी दिवसाला १५ ची मर्यादा आहे. शिवाय स्थलांतरित पक्ष्यांसाठी अमेरिकेचा कायदा सांगतो की बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. म्हणून मॅगझिनमध्ये चक्क एक दांडी अडकवतात. कायदा लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती: माणसाच्या हावेवर भरवसा ठेवू नका, लगाम यंत्रातच घाला. साहेबांचा पहिला बेत काय, तर ती दांडी काढून ठेवायची.

आता मुद्दे येतील. "अरे, तो पक्षी पिकाची नासधूस करतो." करतो, मान्य. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. पण जो धंदा "इथले होले कधी संपत नाहीत" म्हणून गिऱ्हाईक बोलावतो, त्याला होले कमी झालेले परवडतील का? कीड संपली तर लॉज बंद पडेल. आणि "कधी संपत नाहीत" हे अमेरिकेला कुणी सांगू नये. पॅसेंजर पिजन अब्जांनी होते. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कॉर्दोबात तसंच होईल असं मी म्हणत नाही. "भरपूर आहेत" हे हजार मारण्याचं कारण होऊ शकत नाही, एवढंच म्हणतोय.

"तू कोंबडी खातोस ना?" खातो की, दर रविवारी. त्या कोंबडीचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं हेही ठाऊक आहे. पण मी कोंबड्यांचा स्कोअर ठेवत नाही.

आणि गोऱ्यांना हसण्याआधी भरतपूर आठवा. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे, एका दिवसात ४,२७३ पक्षी. आकडा दगडावर कोरलाय, केवलादेवला गेलात तर वाचता येतो. तेव्हा आपल्याच राजांना त्याचा अभिमान होता. आज ती जागा १९८५ पासून जागतिक वारसा आहे, आणि तोच दगड वाचताना आपल्याला लाज वाटते. आकडा तोच, बघणारे बदलले.

माझा शिकारीला सरसकट विरोध नाही. जायचंच असेल तर माझी शिफारस अशी: दुनळी, वीस किंवा अठ्ठावीस बोअर. दोन बार झाले की बंदूक मोडायची, काडतुसं काढायची, नवी भरायची. तेवढ्या वेळात माणूस श्वास घेतो, आधीचा पक्षी कुठे पडला ते बघतो. दोन डब्यांची, म्हणजे ५० काडतुसं, आणि बास. छरे शिशाऐवजी स्टीलचे, कारण शेतात पडलेले शिशाचे छरे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेने शिसं १९९१ पासूनच बंद केलंय. फक्त स्टील त्या बंदुकीला चालतं का, हे आधी बघून घ्यायचं.

हेच मी शीटच्या खाली लिहून पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं, "थँक्स, पण दुनळीने हजार कसे होणार?"

नाही होणार, राव. म्हणूनच तर दुनळी.

असो. "तू पण चल" असं आमंत्रणही होतं. त्या आठवड्यात माझं रिलीज होतं. खरं कारण मात्र मी त्याला तोंडावर सांगितलं नाही, क्लायंट होता ना. ते इथे लिहितोय, ह्याचीही थोडी लाज वाटतेच.