एका शब्दाची दुरुस्ती

आपल्या कॉलेजच्या तरणतलावाच्या दारावर नियमांचा एक फलक आहे. त्यातला चौथा नियम: 'त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही.' पहिल्या वर्षी मी तो वाचला आणि टॉवेल खांद्यावर टाकून तसाच होस्टेलवर परत आलो. कारण मला सोरायसिस आहे.

दहावीत असताना कोपरावर लाल चट्टा उठला, त्यावर चंदेरी खवले. मग दुसऱ्या कोपरावर, गुडघ्यांवर, डोक्यात. घरच्यांना वाटलं गजकर्ण. औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता मलम आणलं. लाली चार दिवसांत गेली, पण मलम सोडल्यावर दुप्पट जोमानं परत आली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा कळलं की त्या मलमात स्टेरॉइड होतं आणि आजार भलताच होता.

आता आपल्या भाषेत सांगतो. त्वचेची नवी पेशी खाली तयार होते, हळूहळू वर येते आणि गळून पडते. याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा चुकीचा सिग्नल देते आणि हेच काम आठवड्याच्या आत उरकलं जातं. प्रॉडक्शन वाढलं, पण डिस्पॅच तेवढाच! मग माल साचतो. तेच हे खवले. यात जंतू नाही, बुरशी नाही, म्हणजे दुसऱ्याला लागायला काही नाहीच. हात मिळवा, एका ताटात जेवा, एका पाण्यात पोहा, तुम्हाला काही होणार नाही. गजकर्णाचं मात्र तसं नाही. ते बुरशीमुळे होतं आणि एकमेकांचे टॉवेल, कपडे वापरण्याच्या आपल्या थोर परंपरेमुळे होस्टेलभर फिरतं. म्हणजे फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. फक्त त्यांनी सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं.

पण खरं सांगायचं तर, फलकापेक्षा जास्त लागली ती रूममधली शांतता. पहिल्या महिन्यात एकाची कॉट हळूच खिडकीकडे सरकली. माझ्या बादलीला कुणी हात लावेना. कुणी काही बोललं नाही आणि मीही भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचे शर्ट घालून गप्प राहिलो. शेवटी दुसऱ्या रूमपार्टनरनं एका रात्री सरळ विचारलं, "काय रे, हे लागतं का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना!" संपलं. आता पाठीवर जिथे माझा हात पोचत नाही तिथे मलम तोच लावतो आणि मी त्याच्या ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करतो. (हे वाक्य सरांनी वाचू नये.)

सोरायसिस कायमचा बरा करणारं औषध आज नाही. 'मुळासकट घालवतो' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. पण तो आटोक्यात राहतो. यंत्रासारखाच त्यालाही रोजचा मेन्टेनन्स लागतो. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग न घासता टिपायचं आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावायची. खवले ओरबाडायचे नाहीत, कारण जिथे ओरखडा तिथे नवा चट्टा उठू शकतो. थंडी, जागरणं, सबमिशनचं टेन्शन, घशाचा संसर्ग, सिगारेट आणि दारू यांनी तो भडकतो. सकाळी उठल्यावर बोटं किंवा सांधे आखडत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरू शकतो. मलमं, विशिष्ट अतिनील किरणांचे उपचार, गोळ्या, इंजेक्शनं असे बरेच मार्ग आहेत. पण स्वतःचे डॉक्टर स्वतः होऊ नका. यासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं सुरू करणं आणि एकदम बंद करणं, दोन्ही धोक्याचं.

2014 साली जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आजार असल्याचं नोंदवलं आणि रुग्णांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचीही दखल घेतली. ती दखल आपल्या तरणतलावापर्यंत अजून पोचायची आहे.

म्हणून व्यवस्थापनाला नम्र विनंती. चौथ्या नियमात 'त्वचारोग'च्या आधी 'संसर्गजन्य' एवढा एकच शब्द घाला. शंका असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागा, मी पहिल्या दिवशी घेऊन येईन. रंग आणि ब्रशचा खर्चही माझा.

आणि तुम्हाला विनंती एवढीच की, शेजारच्या कॉटवर कुणी फुल बाह्यांत घामाघूम होत असेल तर कॉट सरकवू नका. सरळ विचारा. विचारल्याचा राग येत नाही हो, न विचारल्याचाच येतो.