आरी सर्वांच्या हाती द्या

भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशात मोबाइल टिकत नाही, चिखलात पडतो. पँटच्या खिशात ठेवावा तर आजचा साडेसहा इंची फोन बसता-उठता मांडीत रुततो. खांबावर चढणाऱ्या वायरमनला किंवा गाडीखाली आडव्या झालेल्या मेकॅनिकला तर खिसा उपयोगाचाच नाही. शहरात कमरेच्या पट्ट्यावरचा पाऊच हास्यास्पद ठरून जमाना झाला, पण रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत त्याची गरज संपलेली नाही, कारण तिथली कामे अंगमेहनतीची आहेत. बाजारात सहज मिळतो तो पाऊच मात्र रेक्झिनचा. कोकणातल्या दमट उकाड्यात त्याचा वरचा थर सुटू लागतो, पापुद्रे निघतात, आणि माणूस तसलाच दुसरा घेतो. नाक्यावर बसणाऱ्या चर्मकाराकडे हा पाऊच चामड्यात, मापाने आणि टिकाऊ शिवण्याचे कसब असते. तरीही सरकारच्या लेखी तो फक्त चपला सांधणारा. माझे म्हणणे असे की या तालुक्यांत चामड्याच्या कामाला भविष्य असेल तर ते अशा मापाच्या वस्तूंत आहे. मात्र ते काम जातीच्या चौकटीतून बाहेर काढले तरच ते टिकेल, आणि टिकावे असे म्हणण्याचा हक्कही आपल्याला तेव्हाच राहील.

आधी वस्तूकडे पाहू. फोनच्या आकाराला शेंडा-बुडखा नाही. दर वर्षी लांबी-जाडी बदलते, कॅमेऱ्याचा उंचवटा वाढतो, त्यात वर प्लास्टिकचे कव्हर चढते. कारखान्यातला पाऊच म्हणून सैलच काढावा लागतो, आणि सैल पाऊचमधला फोन धावताना उसळतो. हाताने शिवणाऱ्याची खरी ताकद इथे आहे. तो फोनच्या मापाचा लाकडी ठोकळा करतो, साधारण दोन मिलिमीटर जाडीचे चामडे पाण्यात भिजवून ठोकळ्यावर दाबून बसवतो आणि तसेच वाळू देतो. वाळल्यावर चामडे तो आकार धरून ठेवते. हे जमते ते झाडपाल्याच्या कषायाने कमावलेल्या चामड्यात. क्रोमने कमावलेले मऊ चामडे, जे आज जगभर सर्वाधिक वापरले जाते, असा आकार नीट धरत नाही. मग रापीने कडा साफ करायच्या, आरीने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुया दोन्ही बाजूंनी घालून शिवायचे. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात, या शिवणीत तसे होत नाही. दोन बाजू आणि तळ मिळून वीस इंच शिवण धरली आणि इंचाला सहा टाके, तर एका पाऊचला सुमारे एकशेवीस टाके लागतात. चामडे लागते अदमासे एक चौरस फूट. म्हणजे या वस्तूत माल थोडा आणि हात जास्त. जिथे भांडवल कमी आणि कसब जास्त, तिथे असलीच वस्तू करायची असते.

इथला पाऊस हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. घाटाच्या पायथ्याला चार महिने चामड्याला बुरशी धरते. भिजलेले चामडे चुलीजवळ वाळवले की तडकते. मेण-तेलाचा हात दिला तर सरी झेपतात, लावणीच्या दिवसांत मात्र आत प्लास्टिकची पिशवी हवीच. चामडे जलरोधक असते असे सांगून कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे. पण उरलेले आठ महिने हाच पाऊच रेक्झिनपेक्षा कितीतरी पुढे चालतो, आणि एखादा टाका गेलाच तर तो नाक्यावरच पुन्हा घालता येतो. दुसरा आक्षेप कच्च्या मालाचा. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, कातड्याचा पुरवठा आटला आणि धारावीपासून कोल्हापूरपर्यंत त्याची झळ बसली. त्या कायद्याची ही किंमत कोणी भरली, याचा हिशेब सरकारने अजून मांडायचा आहे. म्हशीचे कातडे मात्र बंदीत नाही. ते जाड आणि चिवट असते, पट्टे आणि पाऊच यांना चालते. आणि कमावण्यासाठी जो हिरडा लागतो, तो महाबळेश्वरच्या डोंगररानात, म्हणजे पोलादपूरच्या डोक्यावरच, वाढतो. इथे टॅनरी काढा असे मी म्हणत नाही. सावित्रीच्या पाण्यावर महाडच्या रासायनिक वसाहतीचा भार आधीच पुरेसा आहे. चामडे बाहेरून आणावे, कसब इथले असावे.

आता धोरणाकडे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १ मे १९७४ रोजी स्थापन झाले. गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला चपला सांधणाऱ्यांना, पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना समाजकल्याण विभागाकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत चर्मकार आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार आणि पुढे स्वस्त कर्ज, असे तिचे स्वरूप. हे निरुपयोगी आहे असे नाही. उन्हातान्हात पोत्यावर बसणाऱ्याला पत्र्याचे छप्परही मोठे असते. पण या मदतीच्या डोळ्यांसमोरचा माणूस ठरलेला आहे: तुटलेली चप्पल हातात धरून बसलेला. प्लास्टिकची चप्पल तुटली की लोक आता ती फेकून देतात, तिथे स्टॉल कितीही नवा असला तरी गिऱ्हाईक कुठून येणार? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तसल्याच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. खवळणे रास्तच होते. मात्र मानांकनाच्या आठ जिल्ह्यांत रायगड नाही, आणि नाव चोरले जाण्याइतके नावच ज्यांच्या कामाला नाही त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो महाडमध्ये तरी टाळता येणार नाही. ज्या कामाने पिढ्यान्पिढ्या अवमान पदरी टाकला, तेच काम त्या समाजाच्या मुलांना पुन्हा का शिकवायचे? १९ आणि २० मार्च १९२७ रोजी याच गावी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो लोक चवदार तळ्यावर चालत गेले. त्याच परिषदेत स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत असेही सांगितले गेले, हे तळ्याच्या तेजात बरेचदा विसरले जाते. चामड्याचा धंदा आपल्याकडे नुसता जातीचा नव्हता, पायऱ्यापायऱ्यांनी जातीत वाटलेला होता: ओढून नेणारा महार, कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. वस्तू जसजशी स्वच्छ होत जाई तसतसा भाव वाढे, आणि शेवटी ती पायात घालणारा शिवणाऱ्यालाच शिवून घेत नसे. हा धंदा सोडून जे शाळेत, कचेरीत, मुंबईच्या गिरणीत गेले त्यांनी योग्यच केले. त्यांच्या नातवंडांना परंपरेच्या नावाखाली मागे बोलावणे म्हणजे गोड शब्दांतली जुनीच सक्ती.

म्हणूनच माझी सूचना त्या मुलांसाठी राखीव नाही. सुतारकाम, शिवणकाम, वेल्डिंग आयटीआयमध्ये कोणीही शिकतो, शिकणाऱ्याची जात त्याला चिकटत नाही. चामड्याच्या वस्तू बनवण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही देशपातळीवर आहेच. तो महाड आणि पोलादपूरला आणा आणि मराठा, कुणबी, ब्राह्मण, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्या घरांतली मुले-मुली आरी हातात धरू द्या. महामंडळाची कर्जे चर्मकार समाजासाठीच राहावीत, तो अन्यायाच्या भरपाईचा भाग आहे. प्रशिक्षणाचे दार मात्र सर्वांना उघडे असावे. यावर कोणी म्हणेल, दार उघडले की पैसेवाले शिरतील आणि मूळ कारागीर पुन्हा बाहेर. ही भीती खरी आहे. चपलांच्या कारखान्यांनी हेच केले, मालकी एकाची आणि सुई दुसऱ्याची. पण दार बंद ठेवून कारागीर वाचलेला नाही, तो फक्त एकटा पडला.

भावाचा प्रश्न त्यामानाने सोपा वाटतो. हाताचा पाऊच रेक्झिनच्या कित्येक पट महाग पडणार आणि लावणीवरचा मजूर तो घेणार नाही, हे मान्य करूनच चालले पाहिजे. पहिले गिऱ्हाईक वायरमन, चालक, वनरक्षक, सर्व्हेअर, आणि रायगड-प्रतापगडावर येणारा पाहुणा. हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत. गड पाहायला आलेल्याने परत जाताना स्वतःच्या फोनच्या मापाचा पाऊच शिवून न्यावा, यात अशक्य काही नाही. (रासायनिक कारखान्यांचे कामगार मात्र गिऱ्हाईक होणार नाहीत. ज्वालाग्राही भागात त्यांना साधा फोन नेताच येत नाही.)

यात खरी अडचण शिकवणाऱ्याची आहे. आयटीआयचा निदेशक व्हायचे तर पदविका किंवा प्रमाणपत्र लागते. चाळीस वर्षे आरी चालवलेल्या माणसाकडे ते नसते. त्याचे काम पाहून त्याची पात्रता ठरवणारी वेगळी वाट काढावी लागेल आणि त्याला इतर निदेशकांइतकाच पगार द्यावा लागेल, मानधन नव्हे. महाड-पोलादपूरच्या लोकप्रतिनिधींनी स्टॉलवाटपाच्या कार्यक्रमाला जाण्याआधी या एका अटीसाठी मंत्रालयात खेटे घालावेत.