समाजमंदिराच्या भिंतीवरचा चेंडू

टेनिसचा चेंडू आमच्या डोंगरकड्यात पोराटोरांना चांगला ठाऊक आहे. जयंतीच्या सुमारास क्रिकेटचे सामने भरतात ते याच चेंडूवर. मात्र ज्या खेळासाठी हा चेंडू तयार झाला तो खेळ गावात कोणी खेळल्याचे आम्हाला आठवत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपून आम्ही समाजमंदिराच्या पायरीवर बसलो होतो. मागच्या बाजूने सारखा थप-थप आवाज येत होता. जाऊन पाहिले तर सहावीत शिकणारी एक मुलगी हातात लाकडी फळी घेऊन भिंतीवर चेंडू मारीत होती. फळी तिच्या वडिलांनी तासून दिलेली. ते गवंडीकाम करतात. आई हळदीच्या आणि केळीच्या रानात मजुरीला जाते. आम्ही गुपचूप मोजू लागलो. चेंडू चुकला तेव्हा आमचा आकडा एक्केचाळीसवर गेला होता. टीव्हीवर कुठला तरी सामना पाहून पोरीने हे वेड घेतले होते.

तेवढ्यात तिची आई आली. भिंतीचा गिलावा पडतो म्हणून दोन-तीन जणांनी तिला बोल लावला होता. ती आम्हाला म्हणाली, “भाऊ, तुमीच सांगा हिला. खेळून का पोट भरतंय? आज खेळंल, उद्या वय निघून गेलं की मग काय?”

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही टेनिस खेळलेलो नाही, आयुष्य कारकुनीत गेले. पण प्रश्न रास्त होता. खेळाडूचे वय संपल्यावर काय? म्हणून थोडे वाचन केले, ते येथे मांडतो.

सांगलीला १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर आपल्या वडीलधाऱ्यांना बॅडमिंटनचे खेळाडू म्हणून माहीत असतील. पण त्यांचा पहिला ओढा टेनिसकडे होता. १९५१-५२ च्या राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेत ते अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. त्यानंतर त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटन धरले. १९५६ साली मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. २०२१ च्या जुलैत पुण्यात त्यांचे निधन झाले.

वडिलांनी सोडलेला टेनिसचा खेळ मुलाने धरला. १९७२ साली जन्मलेले गौरव नाटेकर देशाचे अव्वल खेळाडू झाले आणि डेव्हिस चषकात भारताकडून खेळले. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत भारताला जी ४ सुवर्णपदके मिळाली, त्यांतली २ टेनिसची होती. एक सांघिक आणि एक पुरुष दुहेरीचे. दोन्हींत गौरव नाटेकर होते. दुहेरीतला त्यांचा जोडीदार लिएंडर पेस. (उरलेल्या दोन पदकांत एक कबड्डीचे होते, हे गावाकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो.) दोन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये पेसने कांस्यपदक मिळविले तेव्हा त्याचे नाव घरोघरी गेले. हिरोशिमातला त्याचा जोडीदार मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहिला नाही. १९९६ साली गौरव यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर यापुढच्या भागात आहे. खेळण्याचे दिवस सरल्यावर गौरव नाटेकर प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्या पत्नी आरती पोनप्पा याही टेनिस खेळलेल्या. दोघांनी मुलांना शिकविणे आणि अकादम्या चालविणे हाच व्यवसाय केला. पुण्याच्या नंदन बाळ यांचेही तसेच. स्वतः डेव्हिस चषक खेळले आणि पुढे त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. म्हणजे वय निघून गेले तरी विद्या हातात राहते. कसबी गवंड्याला वयामुळे माळ्यावर चढवेनासे झाले, तरी ओळंबा धरून चार पोरांकडून काम करून घेतो, तसेच हे आहे.

पण आम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. नाटेकरांच्या घरात खेळ आधीपासून होता, वडील नावाजलेले, शहर जवळ. आपल्या लेकराला यातले काय आहे? टेनिस हा मुळात क्लबांचा खेळ. त्या क्लबांच्या दारात आपली माणसे होती, पण कोणत्या कामाला? पळवणकर बाळू यांचेच पहा. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि गरज पडेल तेव्हा टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघाही मारायच्या. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकून त्यांची गोलंदाजी घडली आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे आपण विसरलेलो नाही. पण खेळाडू म्हणून त्यांचा मोठेपणा त्यामुळे कमी होत नाही. टेनिसच्या रेघा मात्र त्यांनी दुसऱ्यांसाठीच मारल्या.

अमेरिकेतल्या एका काळ्या मुलीची हकीकत आम्हाला यापेक्षा जवळची वाटली. झीना गॅरिसन, जन्म १९६३, गाव ह्यूस्टन. सात भावंडांत धाकटी. वडील ती तान्ही असतानाच वारले. दहाव्या वर्षी मोठ्या भावाबरोबर ती मॅकग्रेगर पार्क नावाच्या सार्वजनिक बागेत गेली. तेथे जॉन विल्करसन नावाचे काळे प्रशिक्षक वस्तीतल्या पोरांना टेनिस शिकवीत. त्या बागेतून निघालेल्या झीनाने १९८१ साली मुलींचे विम्बल्डन जिंकले. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये दुहेरीचे सुवर्ण आणि एकेरीचे कांस्य मिळविले. १९९० साली मोनिका सेलेस आणि स्टेफी ग्राफ या दोघींना लागोपाठ हरवून ती विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोचली. तेथे मार्टिना नवरातिलोवाने तिला हरविले. पण १९५८ च्या अल्थिया गिब्सननंतर एवढ्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आलेली ती पहिली काळी स्त्री होती. खेळत असतानाच, १९९२ साली, तिने त्याच बागेत गरीब मुलांसाठी टेनिसचा वर्ग सुरू केला. पुढे अमेरिकेच्या महिला संघाचे नेतृत्व आणि ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षकपदही तिच्याकडे आले. ती मोठी झाल्यावर त्या बागेत परतली, कारण परतायला बाग होती आणि त्या बागेत आधी एक विल्करसन होता.

आपल्याकडे काय सोय आहे? राज्यात ठरावीक स्पर्धांत यश मिळविणाऱ्या खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते. त्यासाठी खेळाबरोबर शिक्षणही लागते. म्हणून शाळा सोडून खेळ, हे आम्हाला मान्य नाही. मुलीला आम्ही तसे बजावले आहे. गणितात तिचे मार्क कमी आहेत.

आता मैदान. पुरे टेनिसचे मैदान ७८ फूट लांब, एकेरीला २७ आणि दुहेरीला ३६ फूट रुंद असते. शिवाय मागे पळायला मोकळी जागा वेगळी. एवढी जागा आपल्या वस्तीत कोठून आणायची? पण लहान मुलांनी एकदम मोठ्या मैदानावर खेळावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेने २०१२ पासून १० वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. त्यांच्यासाठी मऊ, कमी उसळणारे चेंडू आहेत. सर्वांत मऊ तो लाल, त्याचे मैदान फक्त ३६ फूट लांब आणि १८ फूट रुंद. जाळी साधारण पावणेतीन फूट उंच. आमची मुलगी त्या वयाच्या थोडी पुढे आहे, पण हातात पहिल्यांदा रॅकेट घेणाऱ्याने तेथून सुरुवात केली तर बिघडत नाही.

परवा तिच्या वडिलांबरोबर समाजमंदिराच्या मागची जागा टेपने मोजली. भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत ५२ फूट भरली. रुंदी २६. जागा खडबडीत आहे, दोन ट्रॉल्या मुरूम पडला तर सपाट होईल. पंच कमिटीपुढे विषय ठेवला तेव्हा एकाने विचारले, लग्नाचा मांडव कोठे घालायचा? आम्ही म्हटले, तेथेच घाला, रेघा चुन्याच्या आहेत, पुन्हा मारू. कमिटी राजी झाली. आईचा मात्र अजून होकार नाही. ती म्हणाली, “आदी पडलेला गिलावा नीट करा, मग बघू.” गिलावा वडिलांनी शनिवारी केला.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या बांधवांपैकी कोणी ज्या बंगल्यात, क्लबात वा कचेरीत कामाला असतील तेथे जुन्या रॅकेट पडून असतील तर मालकाला विचारून मागून घ्याव्यात आणि या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. तारा तुटलेल्या असल्या तरी चालतील. फळीपेक्षा बऱ्या.