घर आणि कायदा : पडदा म्हणजे परवाना नव्हे

हल्ली घरोघरी एक संवाद ऐकू येतो. आई विचारते, "अरे, हा सिनेमा तर परवाच थेटरात लागला, तुला घरबसल्या कसा मिळाला?" चिरंजीव मान वर न करता सांगतात, "टोरेंटवरून. काळजी करू नकोस गं, व्हीपीएन चालू आहे." झालं! आईला दोन्ही शब्द कळलेले नसतात, मुलाच्या आवाजातली खात्री तेवढी कळते आणि ती गप्प बसते. इंटरनेटचं बिल मात्र दर महिन्याला तिच्या नाहीतर यजमानांच्या नावावर येत असतं.

ज्या गोष्टीवर घराचं नाव आहे, ती गोष्ट घरच्या बाईला ठाऊक असायला हवी. तेव्हा आज या दोन शब्दांचा उलगडा करू या. वाटतं तितकं ते अवघड नाही.

आधी व्हीपीएन. आपण पूर्वी पत्रं लिहीत होतो, ते आठवा. पोस्टकार्डावरचा मजकूर पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावा. आंतर्देशीय पत्र चिकटवलं की मजकूर झाकला जायचा, पत्ता मात्र उघडाच. आज बँकेच्या किंवा खरेदीच्या साइटच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' अशी अक्षरं असतात, ते हे चिकटवलेलं आंतर्देशीय. आत काय लिहिलंय ते वाटेत कळत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते तुमच्या इंटरनेट कंपनीला कळू शकतं.

व्हीपीएन काय करतं? तुमचं चिकटवलेलं पत्र आणखी एका मोठ्या पाकिटात घालतं आणि वर एका मध्यस्थाचा पत्ता लिहितं. पोस्टमनला फक्त मध्यस्थाचं नाव दिसतं. मध्यस्थ पाकीट उघडून आतलं पत्र पुढे धाडतो. ज्याला पत्र मिळतं त्यालाही पाठवणारा म्हणून मध्यस्थाचाच पत्ता दिसतो, तुमचा नाही. आता इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. पोस्टमनपासून तुमचा पत्रव्यवहार लपला खरा, पण तुम्ही कुणाकुणाला पत्रं धाडता हे मध्यस्थाला कळलंच की!

ही सोय मुळात निघाली ती ऑफिसांसाठी. बाहेरगावी असलेल्या माणसाला ऑफिसातली कागदपत्रं सुरक्षितपणे उघडता यावीत, म्हणून १९९०च्या दशकात ती रूढ झाली. २०२०च्या टाळेबंदीत पुष्कळ घरांत सूनबाई किंवा जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऑफिस चालवत होते, ते याच जोरावर. रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात फुकटचं वायफाय घेतलंत, तर तिथेही हा जास्तीचा पडदा उपयोगी पडतो. तो लावला म्हणून सगळे धोके टळले, असं मात्र समजू नका. फोनवरच्या गोड बोलणाऱ्या माणसाला तुम्ही स्वतःच ओटीपी सांगितलात, तर व्हीपीएन बिचारं काय करणार?

मग कायदा काय म्हणतो? आपल्या देशात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क वगैरे माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. ऑफिसांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाही. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी व्हीपीएनवर तात्पुरती बंदीही घातली आहे. तेव्हा प्रवासाला जाताना तिथला नियम विचारून घ्यावा.

फुकटच्या व्हीपीएनविषयी मात्र जरा सावध राहा. मध्यस्थाला पगार कोण देतं, हा प्रश्न आधी विचारावा. 'होला' नावाच्या फुकट व्हीपीएनचं प्रकरण २०१५ साली गाजलं होतं. त्यांच्या ग्राहकांच्या घरची इंटरनेट जोडणी तिऱ्हाइतांना पैसे घेऊन वापरायला दिली जात होती. म्हणजे करणारा कुणी भलताच, आणि पत्ता तुमच्या घरचा. फेसबुकच्या 'ओनाव्हो' या व्हीपीएनने तर ग्राहकांच्या वापराची माहिती फेसबुकच्याच धंद्यासाठी गोळा केली. त्यापायी २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने त्या कंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. पडदा लावायला म्हणून माणूस बोलवावा आणि त्यानेच घरात डोकावत बसावं, अशातली ही गत!

आता टोरेंट. ही युक्ती २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने काढली. समजा, एकीकडे पाककृतींची जाडजूड वही आहे आणि दहाजणींना ती उतरवून हवी आहे. दहाही जणी तिच्याच दारात रांग लावण्याऐवजी प्रत्येकीने वेगवेगळी पानं उतरवली आणि मग आपापसांत देवाणघेवाण केली, तर काम भराभर उरकतं. टोरेंट हेच करतं. मोठ्या फाइलचे लहान लहान तुकडे पाडतं, आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने लगेच इतरांना द्यायचा. ही पद्धत अगदी साळसूद आहे. 'उबुंटू' ही फुकट संगणकप्रणाली, 'लिब्रेऑफिस' हे लिहिण्याहिशेबाचं सॉफ्टवेअर अशा गोष्टी त्यांचे कर्तेच टोरेंटवरून राजीखुशीने वाटतात. ते घेण्यात काहीही गैर नाही.

अडचण येते ती वही दुसऱ्याची असली आणि तिने परवानगी दिलेली नसली म्हणजे. तिथे कायदा उभा राहतो.

२०१६ साली 'ढिशूम' या सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात याची चर्चा झाली. बंद केलेल्या साइटवर तेव्हा अशी सूचना झळकत असे, की हा मजकूर नुसता पाहणंही शिक्षेला पात्र आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती सूचना सुधारायला लावली. नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे. मालकाचं नुकसान होईल असं वाटप करणं, जाहीर खेळ करणं, विनापरवाना विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा, असं त्यांनी स्पष्ट केलं.

हे ऐकून तुमचे चिरंजीव म्हणतील, "बघ, मी तर नुसता पाहतोय!" पण पाककृतींची वही आठवा. टोरेंटवर नुसतं घेणं नसतंच. सिनेमा उतरत असतो, त्याच वेळी त्याचे तुकडे आपल्या घरातून अनोळखी लोकांना वाटले जात असतात. शिवाय त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला इतरांचा इंटरनेट पत्ता, ज्याला आयपी पत्ता म्हणतात, तो दिसतो. सिनेमावाल्यांचा माणूस त्याच घोळक्यात शिरून पत्ते टिपून घेऊ शकतो. पाहणारा म्हणून बसलेला मुलगा नकळत वाटणारा होतो, ही या प्रकरणातली खरी मेख आहे.

वाटणाऱ्याला शिक्षा काय? कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी, नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. थेटरात बसून सिनेमाचं चोरून चित्रण करणाऱ्यासाठी २०२३ सालापासून सिनेमॅटोग्राफ कायद्यातही कडक शिक्षा आली आहे. खरं सांगायचं तर पोलिसांचा रोख आपल्याकडे मुख्यतः साइट चालवणाऱ्यांवर असतो. म्हणून उगाच घाबरून जाऊ नका. पण 'कुणी पकडत नाही' म्हणजे 'चालतं' असंही नव्हे.

सॉफ्टवेअरचं तर आणखी वेगळं आहे. त्याच्या चोरीच्या प्रतीचा जाणूनबुजून नुसता वापरही ६३ ब कलमाखाली गुन्हा ठरतो. घरबसल्या डीटीपीचं किंवा हिशेब लिहिण्याचं काम करणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. असलं सॉफ्टवेअर बसवताना पुष्कळदा 'अँटीव्हायरस आधी बंद करा' असं सांगितलं जातं. घरात पाहुणा येताना 'कुत्रा बांधा' म्हणाला तर समजू शकतं, पण 'कुलपं काढून ठेवा' म्हणाला तर? ज्या संगणकावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर असला पाहुणा नकोच.

ज्यांची मुलं परदेशी आहेत किंवा जायची आहेत, त्यांनी तर हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगावं. जर्मनीत शिकायला जाणारी मराठी मुलं आता पुष्कळ आहेत. तिथे टोरेंटवरून सिनेमा उतरवला, तर सिनेमा कंपनीच्या वकिलाचं पत्र घरी येतं आणि काहीशे ते हजार युरोंच्या आसपास मागणी होते. हे पत्र येतं जोडणी ज्याच्या नावावर असेल त्याला, म्हणजे कदाचित भाड्याची खोली देणाऱ्या घरमालकाला. दुबईकडे आणखी कडक कारभार. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला, तर पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंडाची तरतूद आहे. इकडे सवय लागलेली असते, आणि तिकडे तीच महागात पडते.

तेव्हा घरात एवढं सांभाळा :

१. इंटरनेटची जोडणी कुणाच्या नावावर आहे ते पाहा. वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी वाटला असेल, तर तो बदला.

२. संगणकावर टोरेंटचं सॉफ्टवेअर आहे का, असल्यास त्यातून काय येतं-जातं, ते मुलाला शेजारी बसवून दाखवायला सांगा. दरडावू नका; 'मला शिकव' म्हणा. मुलं शिकवायला आनंदाने तयार होतात.

३. फोनमध्ये फुकटचं व्हीपीएन असेल, तर ते कुणी आणि कशासाठी टाकलं ते विचारा. गरज नसेल तर काढा. खरीच गरज असेल तर पैसे मोजून नावाजलेलं घ्या.

४. ऑफिसचं व्हीपीएन ऑफिसच्या कामापुरतंच वापरावं. त्यावरून सिनेमे उतरवले तर नोकरीवर गदा येऊ शकते.

५. फुकट हवं असेल तर हक्काचं फुकटही पुष्कळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला. 'श्यामची आई' आज कुणीही मोकळेपणाने उतरवून घ्यावी.

पडदा सगळेच लावतात. चार लोकांनी घरात डोकावू नये एवढ्यासाठी तो लावण्यात लाजण्यासारखं काही नाही, तो आपला हक्कच आहे. पण पडद्याआड शेजारणीचं दागिन्यांचं डबं उघडलं, तर पडदा होता म्हणून ते डबं आपलं होत नाही. व्हीपीएनचं नेमकं तेवढंच आहे. मुलांना कायद्याची कलमं नाही सांगितलीत तरी चालेल. एवढी एक गोष्ट त्यांच्या मनात रुजवलीत, की पुष्कळ काम झालं.