मेडिकलवाल्याचेही शिकणे

रजबचा चांद दिसला की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न फिरू लागतो : शुगरची सकाळची गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला? प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो, पण विचारला जातो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. डॉक्टरांकडे नंबर लावावा लागतो, फी द्यावी लागते, शिवाय "रोजे ठेवू नका" असेच ते सांगतील ही धास्ती. मेडिकलवाला मोहल्ल्यातला असतो. तो अम्मीला ओळखतो, महिनाअखेरीस उधारही देतो. आपल्या घरांत त्याचा शब्द अर्ध्या डॉक्टरचा मानला जातो. म्हणून या वेळी त्याच्या शिक्षणाविषयी लिहायचे आम्ही ठरवले.

1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. बहुतेक दुकानांत तो डी.फार्म. झालेला असतो, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण आणि वर थोडे प्रशिक्षण. पुढे काय? 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत एकेका दिवसाचे किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. त्याच नियमांत फार्मासिस्टने रुग्णाला औषध समजावून सांगावे, अंगात पांढरा कोट असावा, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा, असेही आहे. आपल्या मेडिकलमध्ये असा बिल्ला पाहिल्याचे किती वाचकांना आठवते?

पाच वर्षांत दोन दिवस. आम्ही शिक्षक असल्यामुळे अशा प्रशिक्षणांची चव आम्हाला माहीत आहे. सकाळी सही, अकराला चहा, दुपारी जेवण आणि शेवटी प्रमाणपत्रासोबत फोटो. पण चांगला तज्ज्ञ आला तर एका दिवसातही माणूस वर्षभर पुरेल इतके घेऊन जातो, हेही आम्ही पाहिले आहे. दिवस किती यापेक्षा त्या दिवशी काय शिकवतात हे महत्त्वाचे. आमच्या मते त्यांतला एक दिवस तरी मधुमेह आणि थायरॉइडसारख्या हार्मोनच्या आजारांसाठी ठेवायला हवा.

कारण सरळ आहे. डी.फार्म.चा 1991 चा अभ्यासक्रम जवळजवळ तीस वर्षे चालला. नवा आला तो 2020 च्या नियमांनी. आज काउंटरवर उभा असलेला चाळिशीचा फार्मासिस्ट त्या जुन्या अभ्यासक्रमातला. दरम्यान मधुमेहाच्या औषधांची सगळी फळीच बदलली. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये संपले, सिटाग्लिप्टिनचे 2022 मध्ये. दोन्ही गोळ्या स्वस्त झाल्या, कितीतरी कंपन्यांच्या नावांनी येऊ लागल्या आणि मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत मिळू लागल्या. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ती घेणाऱ्याच्या शरीरातले पाणीही कमी होऊ शकते, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो. उन्हाळ्यातल्या रोज्यात या गोष्टीला फार महत्त्व आहे. ज्याने हे औषध कॉलेजात शिकलेच नाही, त्याला ते कोण सांगणार? कंपनीचा एमआर येतो, तो विक्रीच्या गोष्टी सांगतो.

इन्सुलिनची गोष्ट तर आणखी नाजूक. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट, आणि एका मिलीलीटरमध्ये 100 युनिट. पेनमधली काडतुसे 100 ची असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या : 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. समजा, डॉक्टरांनी 20 युनिट सांगितले आहेत. बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची असेल तर 20 च्या रेघेपर्यंत भरल्यावर अर्धा मिलीलीटर औषध येते, म्हणजे तब्बल 50 युनिट. अडीचपट! त्या माणसाची साखर रात्रीतून कुठे उतरेल याचा विचार करा. उलट बाटली 40 ची आणि सिरिंज 100 ची असेल तर अंगात फक्त 8 युनिट जातात, आणि घरचे म्हणत राहतात की इन्सुलिन लागूच पडत नाही. पाचवी-सहावीच्या मुलाला जमेल असे हे गणित, पण ते मांडून दाखवणारा माणूस काउंटरवर हवा. "सिरिंज द्या" म्हटल्यावर "बाटली कोणती आहे?" हा प्रश्न ज्या दुकानात विचारला जातो, ते दुकान सोडू नका.

आपल्या घरांतल्या बायकांमध्ये थायरॉइडची गोळी आता डाळ-तांदळाइतकी नेहमीची झाली आहे. ती उपाशीपोटी घ्यायची असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची असते. बाळंतपणानंतर तिन्ही गोळ्या एकाच वेळी, चहाबरोबर घेणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. मग तपासणीत टीएसएच वाढलेले निघते आणि डोस वाढवला जातो. रमजानमध्ये ही गोळी सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, की इफ्तारनंतर तीन-चार तासांनी झोपताना, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. फार्मासिस्टने गोळी देताना एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ होईल.

स्टेरॉइडविषयी थोडक्यात. सांधेदुखी, दमा, अंगावरची खाज यांसाठी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मागणारे आणि देणारे, दोघेही आपल्यातच आहेत. त्याने साखर वाढते. बरेच दिवस घेऊन अचानक बंद केले तर शरीराचे स्वतःचे हार्मोन अपुरे पडून जिवावर बेतू शकते.

आता पुन्हा रमजान. 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली होती. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी 79 टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते, आणि त्यांच्यात साखर धोकादायक उतरण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट झाले होते. लोक रोजे ठेवणारच, हे धरूनच शिकवायला हवे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने यासाठी खास मार्गदर्शिका तयार केली, 2021 मध्ये ती सुधारली. कोणाला रोजा धोक्याचा, कोणती गोळी कमी करायची, कोणती इफ्तारला न्यायची, सगळे त्यात आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळच्या पूर्ण डोसात सहरीला ढकलली की दुपारी साखर घसरण्याची भीती असते. नुसत्या मेटफॉर्मिनने ती सहसा घसरत नाही. हा फरक मोहल्ल्यातल्या फार्मासिस्टला पाठ हवा. डोस मात्र डॉक्टरच बदलतील. फार्मासिस्टचे काम रुग्णाला शाबान संपण्याआधी त्यांच्याकडे पाठवण्याचे.

आणि एक कडू गोष्ट. आपल्या मुली आता मोठ्या संख्येने डी.फार्म. करतात, अल्हम्दुलिल्लाह. पण पुष्कळदा निकाह झाला की मुलगी घरी आणि तिचे सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानाच्या भिंतीवर, महिन्याला ठरलेल्या भाड्याने. काउंटरवर दहावी झालेला पोरगा पाकिटाचा रंग बघून गोळ्या देतो. हे बेकायदेशीर आहे, आणि त्या भाड्याची कमाई कशी म्हणायची हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. त्याच मुलीला दुपारचे चार तास दुकानात उभे राहू दिले तर थायरॉइडच्या, पाळीच्या, गरोदरपणातल्या शुगरच्या गोष्टी आपल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलतील. पुरुषासमोर त्या चिठ्ठी सरकवतात आणि गप्प राहतात.

सहरी-इफ्तारच्या वेळांची कार्डे छापण्याचा खर्च अनेक ठिकाणी मेडिकलवालेच करतात. मागच्या बाजूला दुकानाची जाहिरात असते. यंदा मस्जिद कमिटीने त्यांना एवढीच विनंती करावी : जाहिरातीच्या खाली दोन ओळी छापा. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात; शंका असेल त्यांनी इमामसाहेबांना आधीच विचारून घ्यावे.