शब्द दहाव्याचा, पंगत तेराव्याची

इतिहासाच्या तासाला सरांनी प्राचीन इजिप्तमधील एक चित्र दाखवले. सुमारे इ. स. पूर्व १२७५ मधील हुनेफेर नावाच्या राजलेखनिकाच्या पपायरसवरचे हे चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात मृताचा न्यायनिवाडा चालला आहे. एका पारड्यात त्याचे हृदय, दुसऱ्यात सत्यदेवता मात हिचे पीस. कोल्हेतोंड्या अनुबिस काटा पाहतो, थोथ निकाल लिहितो. हृदय पापाने जड भरले तर मगरतोंडी आम्मित ते गिळते. नाहीतर मृत ओसायरिसपुढे जातो. "हे तर आपले यम आणि चित्रगुप्त!" असे कोणी म्हणाले आणि वर्ग हसला.

मला हसू आले नाही. राजगडाच्या पायथ्याशी आमचे गुंजवणे. गेल्या वर्षी आजी वारली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. चुलते म्हणाले, "आय, तुझी म्हस इकणार न्हाई." कावळे झाडावरच. शेवटी वडिलांनी हात जोडले, "आय, पोरीला कालिजातनं काढणार न्हाई." थोड्या वेळाने कावळा शिवला. मी कॉलेजात राहिले.

कावळ्याला ते कळले असे मी मानत नाही. त्याला भूक लागली असेल. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. इजिप्तमध्ये जाब मृताने द्यायचा. आपण चोरी केली नाही, खोटे बोललो नाही, असे बेचाळीस न्यायदेवतांपुढे सांगायचे. ती उत्तरे लिहिलेल्या पोथ्या विकत मिळत. काहींत नावापुरती जागा कोरी असे. ज्याच्याकडे पैसा त्याचे नाव तिथे पडे. गरिबाला वाळूतला खड्डा. आमच्या नदीकाठी मेलेल्याला कोणी काही विचारत नाही. जाब जिवंतांनी द्यायचा, तोही भावकीच्या देखत. हा न्याय मला अधिक पटतो.

म्हणून आपण शहाणे ठरतो काय? तेराव्याच्या गावजेवणाचे कर्ज वडील अजून फेडत आहेत. कावळ्याने भाताचा एक पिंड घेतला. पंगत मागितली ती आपल्या प्रतिष्ठेने. मग पोथी विकत घेणाऱ्या त्या धनिकाला आपण कोणत्या तोंडाने हसावे?

माझे मत स्पष्ट आहे. दहाव्याचा शब्द ठेवावा, तेराव्याची पंगत सोडावी. आणि खरे म्हणजे, शब्द द्यायला तरी दहाव्यापर्यंत का थांबावे? वडिलांचे ते एक वाक्य ऐकायला आजी हवी होती.

(द्वितीय वर्ष कला)